तळणीच्या तेलाचा आकडा

आमच्या शेजारचे काका कुणाकडेही गेले की दारातच थांबायचे, मान जरा वर करायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. मग चपला काढता काढता म्हणायचे, "वहिनी, डब्यातलं तेल बरंच जुनं दिसतंय." वहिनींचा चेहरा पडायचा, कारण ते जुनं असायचंच. चहाबरोबर चिवडा आला तर बशी आधी नाकाशी आणि मग तोंडाशी. माझी आई म्हणायची, हा माणूस एक दिवस देवाचा नैवेद्यसुद्धा हुंगून मग दाखवेल. पण आमच्या माळव्यातल्या गावी, फ्रीगंजच्या गल्लीत काकांवर कुणी रागवायचं नाही. उलट नवीन डबा फोडला की बायका वाटीत चमचाभर तेल घालून त्यांच्याकडे पाठवायच्या.

मक्सी रोडवर तेव्हा सोयाबीन तेलाचा एक कारखाना होता. काका तिथले मुख्य केमिस्ट. हमाल त्यांना 'नाकवाले साब' म्हणायचे, आणि टँकर आला की झाकण उघडून आधी त्यांनाच हाक मारायचे. सोयाबीनचं तेल बिघडायला लागलं की आधी कच्च्या शेंगेसारखा वास येतो, मग गवतासारखा, मग मासळीसारखा. काका पक्के शाकाहारी. ते हसून म्हणायचे, "मासळी कशी लागते ते मला या जन्मात कळायचं नाही, पण वास मात्र झोपेत ओळखीन." मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "बेटा, नाक संशय घेतं, निकाल आकडा देतो. आकडा येईल तसा लिहायचा. त्याला आपली मर्जी विचारायची नाही." त्यांच्यासमोर मी एकदा दशांशातला एक आकडा गोल केला होता, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

ते दिवसच निराळे होते. माळव्यातली काळी माती बघता बघता सोयाबीनने भरून गेली होती. किराणावाल्याकडे सुटं तेल मागे पडून चकचकीत पुडे लटकायला लागले होते. टीव्हीवर सुखी कुटुंबं पुऱ्या खायची आणि वर हृदयाची काळजीही घ्यायची. काकांना हे सगळं मनापासून पटलं होतं. गणेशोत्सवात त्यांनी 'आपले हृदय आणि आपले तेल' यावर भाषण दिलं. साजूक तूप आणि वनस्पती तूप थंडीत गोठतात, सोयाबीनचं तेल गोठत नाही, मग ते रक्तवाहिन्यांत तरी कशाला साचेल, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. शास्त्र इतकं सोपं नसतं हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं, पण सभेत माणूस जरा वाहवतो. त्या वर्षी अर्ध्या गल्लीने शेंगदाण्याचं तेल सोडलं. पहिला डबा काकूंनी सोडला.

त्या तेलाची दुसरी बाजूही मला काकांनीच सांगितली. एका सोमवती अमावास्येला आम्ही सगळे रामघाटावर स्नानाला गेलो होतो. पायऱ्यांवर शेवाळ आणि माणसांची ही गर्दी. काका पाण्यात उभे राहून मला शिकवत होते. "बघ, जे तेल गोठत नाही, त्याच्या साखळीत कच्चे सांधे जास्त असतात. म्हणून तर ते पातळ राहतं. पण प्राणवायू नेमका तिथेच धरतो. आणि एकदा धरलं की काय होतं माहीत आहे? या पायरीवर एक घसरला की तो शेजारच्याला धरतो. शेजारचा घसरतो, तो तिसऱ्याला धरतो. कुणी खांबाला घट्ट धरून उभा असेल तरच ओळ थांबते. ई जीवनसत्त्व म्हणजे तो खांब धरलेला माणूस." मी विचारलं, "आणि हे शरीरात?" ते म्हणाले, "शरीरातही तेच. आपल्या पेशींच्या भिंती अशाच तेलाच्या असतात. रक्तातली चरबी अशी खराब झाली की रक्तवाहिनीच्या अस्तरात जाऊन बसते. बाहेरून बिघडलेलं आत घेतलं तर आणखीनच. म्हणून तेल ताजं हवं, तापवून तापवून मारलेलं नको." काकू वरच्या पायरीवर ओलं लुगडं पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "नदीत तरी तेल सोडा हो जरा!"

टॉवर चौकातल्या कचोरीवाल्याला तर काका नकोसे झाले होते. त्याच्या कढईवर वाकून ते वास घ्यायचे, तेलाचा काळपट रंग बघायचे, कडेचा फेस बघायचे आणि काही न घेता मान हलवत निघून जायचे. एकदा तो भडकलाच. "साब, सूँघने का पैसा नहीं लेता मैं, पर आप मुंडी हिलाते हो तो चार गिराक और चले जाते हैं!" काका त्याला म्हणाले, "भैया, तेल बदल दो, मैं रोज खाऊँगा।" त्याने तेल बदललं नाही, आणि काकांनी कचोरी खाल्ली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. बाहेरची कढई त्यांना बरोबर कळत होती.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीतली मुलं एकेक करून बाहेर जायला लागली होती. कुणी पुण्याला, कुणी बंगलोरला, कुणी थेट अमेरिकेला. संगणकामुळे सगळ्यांनाच पंख फुटले होते. टॉवर चौकात कुरिअरची दुकानं निघाली, आणि आयांना कळलं की दिवाळीचा डबा आता सातासमुद्रापार जातो. मग काय, त्या काकूंना ऑर्डरी द्यायला लागल्या, आणि काकूंच्या चकल्या आणि कडबोळी कुरिअरने जायला लागली. पूर्वी वर्षातून आठ दिवस लागणारी कढई आता गणपतीपासून संक्रांतीपर्यंत उतरायची नाही. काकू सकाळी न्हाऊन उभ्या राहायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. आणि आपल्याकडची रीत काय असते, ती वाचणाऱ्यांना सांगायला नको. तळणीचं तेल कुणी टाकतं का? ते गाळून झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन ओतायचं, परत तापवायचं. तेल ओतून देणं म्हणजे लक्ष्मीला हाकलणं. काकूंचा तो पितळी डबा मी कधी रिकामा पाहिला नाही.

काकूंना आपल्या गिऱ्हाइकांची काळजी होती. "माझ्या हातचं लेकरं खातात, त्यांना बाधायला नको," असं म्हणून त्या दर आठवड्याला डब्यातलं थोडं तेल औषधाच्या बाटलीत भरायच्या आणि काकांच्या पिशवीत ठेवायच्या. काका ती लॅबमध्ये आणायचे. त्याचा पेरॉक्साइडचा आकडा काढायचा, म्हणजे प्राणवायूने तेल किती धरलंय ते मोजायचं, ही नेहमीची तपासणी. थेंब थेंब सोडायचं, निळा रंग गेला की वाचायचं. पुष्कळदा ती मीच करायची. आकडा दरवेळी कमी यायचा, चांगल्या तेलाला शोभेल असा. संध्याकाळी काका फाटकातूनच ओरडायचे, "पास!" आणि आतून काकूंचा आवाज यायचा, "या मग, चाय ठेवली आहे." पन्नाशी उलटलेल्या त्या दोघांचं ते एक लाडाचं बोलणं होतं. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

काकूंना मात्र ते तेल आवडत नव्हतं. त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, हे तेल गळ्याला लागून राहिलं आहे. धुराने डोळे चुरचुरतात. कढईला कडेने चिकट बसतं, घासून घासून हात गेले. फेस तर बघा किती येतो. यंदा सगळं टाकू का?" काका पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, आकडा पास आहे. उगाच वहम घेऊ नकोस." काकू म्हणाल्या, "आकडा काय, गळा थोडीच असतो त्याला!" पण टाकलं नाही. एवढा शिकलेला नवरा, एवढं मोठं नाक, आणि वर कारखान्याची लॅब. त्यांच्यापुढे आपल्या घशाचं काय ऐकायचं?

आणि त्या नाकाचं काय झालं होतं, हे मला आजवर नीट उमगलेलं नाही. साऱ्या गावाची कढई हुंगणारे काका घरच्या कढईजवळ कधी वाकले नाहीत. एकदा मीच विचारलं तर म्हणाले, "तिच्या तळणाचा वास म्हणजे घराचा वास. तो काय हुंगायचा?" मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. चोवीस तास ज्या वासात राहावं तो वासच वाटेनासा होतो, हे साधं ज्ञान आम्हा दोघा केमिस्टांना त्या दिवशी सुचलं नाही.

एका दिवाळीच्या तोंडाशी काकू जिना चढता चढता मध्येच बसल्या. झारा हलवताना छातीत कळ येते, हे त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं, ऑर्डरी पडल्या होत्या म्हणून. इंदूरला नेलं. रक्तवाहिन्या तीन ठिकाणी बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, रक्तदाब आहे, भाऊ याच दुखण्याने गेलेला आहे, आता किती कारणं मोजायची? काकांनी विचारलं, "तळणीचं तेल?" डॉक्टर दमलेले होते. म्हणाले, "असेलही. नसेलही. कोण सांगणार?" चार दिवसांनी काकू गेल्या. तयार झालेल्या चकल्या घरातच पडून राहिल्या, आणि त्या वर्षी गल्लीतून एकही डबा बाहेरगावी गेला नाही.

तेरावा झाल्यावर मी काकांकडे गेले. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, पितळी डब्याचं झाकण उघडून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला ठाऊक होतं गं." मला वाटलं दुखण्याबद्दल बोलताहेत. तर म्हणाले, "तेल खूप तापलं की पेरॉक्साइड टिकत नाही. मोडतं. त्याची अल्डिहाइडं होतात, ती खरी जहाल. म्हणजे तेल जितकं जास्त मरतं, तितका तो आकडा चांगला येतो. तळलेल्या तेलाला ही तपासणी लावायचीच नसते. हे मीच तुला शिकवलं ना? कारखान्यात वाफ देऊन वास काढला की सडलेलं तेलही या तपासणीत पास होतं, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नकोस, असं मीच सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं. आणि तरीही मी कितीतरी आठवडे त्या बाटल्या तपासल्या आणि एकदाही तोंड उघडलं नाही. कारखान्यातलं ज्ञान आम्ही कारखान्यातच ठेवून घरी येत होतो. त्यांना 'पास' म्हणायचं होतं, मला ते ऐकायचं होतं, आणि काकू त्या धुरात उभ्या होत्या. काका परत म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मग ते घरोघर जायला लागले. दारात थांबून वास घेणं वगैरे आता राहिलं नाही, सरळ स्वयंपाकघरात. "तळणीचं तेल आहे? ओतून द्या. माझ्यादेखत ओता." बायका सुरुवातीला दुखवट्यातला माणूस म्हणून ओतायच्या. मग डबे लपवायला लागल्या. मग काका येताना दिसले की दार लावून घ्यायला लागल्या. गणेशोत्सवात त्यांनी उभं राहून सांगितलं, "मागे मी इथे जे भाषण दिलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं ऐका," तर अध्यक्षांनी आरतीची वेळ झाल्याचं सांगून त्यांना बसवलं. पोरं मागून नाक वर करून त्यांची नक्कल करायची. आणि गंमत बघा, ते बोलत होते ते शब्दन् शब्द खरं होतं. ते नुसते बोलले असते तर चाललं असतं. पण ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणायचे, "मी मारलं तिला." हे कुणाला ऐकवणार? ते जेवेनासे झाले. अंगावर सदरा लोंबायला लागला.

त्याच सुमारास कारखाना मुंबईच्या लोकांनी घेतला आणि जुन्यांना निवृत्ती देऊन घरी बसवलं. काकाही त्यात गेले. लॅबमध्ये नवीन यंत्रं आली, आणि तेल परदेशी जाणार म्हणून अ‍ॅनिसिडिनची तपासणीही सुरू झाली. मोडलेल्या तेलातली अल्डिहाइडं मोजणारी हीच ती खरी तपासणी. काकांना ते कळलं. त्यांनी पितळी डब्यातलं काकूंचं शेवटचं तेल त्याच औषधाच्या बाटलीत भरलं आणि माझ्या हातात दिलं. "बेटा, एकदा करून आण. मला एकदा खरं काय ते कळू दे. मग मी कुणाकडे जाणार नाही."

मी तपासणी केली. द्रावण घातल्याबरोबर गडद पिवळा रंग चढला. यंत्राने वाचायलाच नकार दिला. तेल पातळ करून परत वाचलं. आकडा इतका मोठा होता की असा मी नोकरीत पुन्हा कधी पाहिला नाही.

संध्याकाळी काका फाटकात उभे होते. मला आजही वाटतं, तेव्हा मी एक खरी गोष्ट सांगू शकले असते. ते तेल दहा-अकरा महिने पडून होतं, त्यावरून काकू होत्या तेव्हाचं काही सिद्ध होत नव्हतं. एवढं खरं सांगूनही त्यांना आधार देता आला असता. पण ते त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. समोर ती हाडं दिसत होती आणि ते डोळे. मी म्हटलं, "काका, अगदी कमी आला. ताज्या तेलासारखा."

मला वाटलं होतं ते कागद मागतील. ते कागदाशिवाय बोलत नसत. पण त्यांनी फाटकाची सळई धरली आणि म्हणाले, "म्हणजे मी नाही?" मी म्हटलं, "तुम्ही नाही." मग ते रडले. काकू गेल्यावर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मी सांगितलेला आकडा म्हणजे त्यांच्या दृष्टीने निकाल होता. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं, कारण मला त्यांनी घडवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला लागले. आणि ते परत घरोघर गेले, त्याच घरांत, माफी मागायला. "वहिनी, मी उगाच घाबरवलं. लॅबचा आकडा आलाय. तळणीच्या तेलाने काही होत नाही. आमच्या सुमनने स्वतः तपासलंय." बायका मला भाजीच्या गाडीवर गाठून विचारायच्या, "खरं ना गं सुमन?" नाही म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत ते काकांच्या कानावर गेलं असतं. मी हो म्हणायची. आमच्या घरात मी गुपचूप तेल ओतून देत होते आणि गल्लीत हो म्हणत होते. डबे परत झाकले जाऊ लागले, जुन्यात नवीन ओतलं जाऊ लागलं. काकांची मुलगी वंदना, माझ्याच वयाची, जावयांची कापड मिल बंद पडल्यामुळे मुलांना घेऊन माहेरी आली होती. तिने आईच्या ऑर्डरी परत सुरू केल्या. कढई तीच, डबा तोच, आणि सांगायला वडिलांचा शब्द.

काका आणखी दोन वर्षं जगले आणि शांतपणे गेले. त्यांच्या तेराव्याला वंदना वडे तळत होती. कढईत गळ्यापर्यंत फेस आला होता आणि ती पदराने डोळे पुसत होती, ते दुःखाने की धुराने ते कळत नव्हतं. मी तिला बाजूला घेऊन सांगणार होते. शब्द जुळवून गेले होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "सुमन, तू तो आकडा आणलास ना, त्यानेच बाबांचे शेवटचे दिवस सुखात गेले. तुझे उपकार आहेत गं." मी पानावर जाऊन बसले. वडे खाल्ले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काकांवर लिहायला मी कितीदा बसले आणि दरवेळी कचोरीवाल्यापर्यंत येऊन थांबले, तिथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे. या वेळी पुढे लिहिलं, कारण गेल्या महिन्यात वंदना जिना चढताना मध्येच थांबली. छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "उम्र हो गई, और क्या." तेव्हाही मी गप्पच राहिले. तोंडाने माझ्याच्याने होणार नाही हे आता मला कळलं आहे. काकांची एकुलती एक सुटका मी खोट्यावर उभी केली होती, आणि ती आज मीच मोडते आहे. ते नाहीत म्हणून मोडवते, एवढीच माझी हिंमत.

वंदना, ते तेल खराब होतं. डबा ओतून दे, आजच इंदूरला जाऊन छाती दाखव, आणि मग मला काय बोलायचं ते बोल.